विसरलो की विसर पडला?

नमस्कार मंडळी! परवा मंडईत गेलो भाजीला आणि पिशवी घरीच, मग बायकोला फोन केला, "अगं पिशवी राहिली." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी विसरलो असं म्हणालोच नाही. पिशवी राहिली म्हणे, जणू तिलाच यायचं नव्हतं.

मराठीत अशा फार सोयी आहेत बघा, विसर पडला, डोक्यातून गेलं, ध्यानात नाही राहिलं, म्हणजे आपण नामानिराळे. पण विसरणं हे साधं क्रियापद मात्र सोडत नाही. आता ऐका हं, मी छत्री आणली, हे बाई बोलली काय नि पुरुष बोलला काय, आणलीच, कारण क्रियापद छत्रीच्या मागे जातं. तीच छत्री बसमध्ये राहिली की मी छत्री विसरलो, बाई असेल तर विसरले. छत्री सुटली, आपण सापडलो! उलट आठवणीत 'मला आठवलं', तिथे मी गायबच, म्हणजे आठवलं तर श्रेय नाही आणि विसरलं की नाव आपलं.

शाळेत पुढचं पाठ मागचं सपाट, घरात विसरभोळा गोकुळ, आणि म्हातारपणी साठी बुद्धी नाठी, नाठी म्हणजे नाहीशी झालेली. ही म्हण मला अजिबात पटत नाही, साठी उलटलेले लोक रोज पहाटे पर्वती चढतात हो. स्मृतिभ्रंश हा शब्द मात्र जुना, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, आणि तिथे तो रागातून येतो, आधी क्रोध मग संमोह मग स्मृतीचा गोंधळ. आज डॉक्टर तोच शब्द डिमेन्शियाला वापरतात, त्यात रागावण्याचा संबंध नाही, मेंदूच्या पेशीच निकामी होत जातात. त्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण अल्झायमर, १९०६ साली जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमरनी पहिल्यांदा मांडलेलं. तिथे "विसरलात कसे?" विचारून काय उपयोग.

आमच्या आत्याला हेच झालंय. तिची सगळी नामं जाऊन एक 'हे' उरलंय, "ते हे दे रे", "ह्यांनी ते हे केलं का?", आणि गंमत म्हणजे आम्हाला बरोब्बर कळतं. पण "विसरले" म्हणणार नाही, "आत्ता येत नाहीये" म्हणते. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, आजी आज वार कोणता? आत्या भिंतीकडे बघून म्हणाली, "एवढा मोठा दवाखाना, एक कॅलेंडर लावता येत नाही तुम्हाला?"