आजीला ऑफस्टेडचा शिक्का

(लंडनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कुटुंब माहिती विभागात काम केलं. आपल्या लोकांचा एक फोन तिथे हमखास यायचा. बोलायची सून किंवा लेक, आणि मागून आजींचा आवाज ऐकू यायचा, "अगं, त्यांना विचार ना, मी ते मुलं सांभाळायचं सर्टिफिकेट काढलं तर नातवाला सांभाळायचे पैसे मिळतील का?"

प्रश्न रास्त आहे. आईवडील दोघंही कमावते असतील, तर सप्टेंबर 2025 पासून बाळ नऊ महिन्यांचं झालं की ते शाळेत जाईपर्यंत आठवड्याला 30 तासांचे पैसे सरकार भरतं. वर्षाचे 38 आठवडे. नर्सरीत घातलं तर नर्सरीला, चाइल्डमाइंडरकडे, म्हणजे पैसे घेऊन स्वतःच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईकडे, ठेवलं तर तिला. मग आजीनेच चाइल्डमाइंडर म्हणून नाव नोंदवलं, तर तेच पैसे घरात का येऊ नयेत?

येत नाहीत. नोंदणी करा, परीक्षा द्या, भिंतीवर सर्टिफिकेट लावा, स्वतःच्या नातवाच्या तासांचे पैसे आजीला मिळत नाहीत. 2006 च्या चाइल्डकेअर कायद्यात, 18व्या कलमात, कोणी सांभाळलं तर त्याला चाइल्डकेअर म्हणायचं नाही याची यादीच आहे. आईवडील आहेत, आजीआजोबा आहेत, काका-मामा, मावशी-आत्या, भावंडं. सख्खी, सावत्र, लग्नाने जोडलेली, सगळी. गंमत म्हणजे आजीची सख्खी बहीण त्या यादीत नाही. आपल्याकडे मावसआजी म्हणजे घरचंच माणूस, पण इंग्लंडच्या कायद्याला ती परकी. तिने स्वतःच्या घरी पैसे घेऊन बाळ सांभाळलं, तर दिवसाला दोन तासांच्या वर नोंदणी सक्तीची; आणि नोंदणी केली की सरकारी पैसे घ्यायला मोकळी.

हे सगळं मी इंग्लंडपुरतं बोलतेय. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत.

"पण मी शेजारच्यांचीही मुलं सांभाळीन," असं काही आजी म्हणतात. जरूर सांभाळा, तो चांगला व्यवसाय आहे. फक्त आधी गणित बघा. एका चाइल्डमाइंडरला आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं ठेवता येतात, त्यातली पाचाच्या आतली साधारणपणे तीनच. तुमचा नातू या तिनांत धरला जातो. म्हणजे जागा तो अडवणार आणि सरकारी पैसे त्याचे येणार नाहीत. चाइल्डमाइंडरांच्या संघटना या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडतायत, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. बाई तीच, घर तेच, तपासणी तीच. शेजारणीच्या मुलाला भरवलं तर ते शिक्षण आणि नातवाला भरवलं तर ती माया, ही वाटणी मला कधी पटली नाही.

नोंदणीसाठी काय काय लागतं तेही ऐका. बारा तासांचं लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, दर तीन वर्षांनी पुन्हा. डॉक्टरांकडून तब्येतीचा फॉर्म. घरात राहणाऱ्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाची पोलिस रेकॉर्डची तपासणी, म्हणजे आजोबांचीही. एका आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते आठवडाभर रुसले होते. उभी हयात बँकेत गेली, आणि आता नातीच्या दुपट्यांसाठी माझं चारित्र्य तपासणार? मग ऑफस्टेडची, म्हणजे शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, बाई घर बघायला येते. तयारी करून घ्यायला मी एका घरी गेले होते. जिन्याला फाटक लावलेलं, पडद्याच्या दोऱ्या वर बांधलेल्या, सगळं पुस्तकाबरहुकूम. आणि हॉलच्या कोपऱ्यात, रांगत्या मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर देव्हारा, त्यात तेवणारं निरांजन, शेजारी काडेपेटी आणि आजींच्या बीपीच्या गोळ्यांची डबी. देव्हारा वर फडताळात गेला. आजी म्हणाल्या, "देव उंचावर गेले, चांगलंच झालं." पण गोळ्यांची डबी हलवायला त्यांनी बराच वेळ घेतला. रोज पूजा झाली की गोळी, हा त्यांचा क्रम ठरलेला होता.

आता एक वाट उरते, आणि तिथेच आपल्या घरांची गोची होते. ते 30 तास सोडून मदतीच्या आणखी योजना आहेत. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यात, पाळणाघराच्या खर्चाचे 85 टक्क्यांपर्यंत परत मिळतात, अर्थात कमाल मर्यादा आहे. तिथे आजी अगदीच बाद नाही. ती नोंदणीकृत हवी, आणि बाळ तिने बाळाच्या राहत्या घरी सांभाळता कामा नये. आता हॅरोमधलं, हाउन्स्लोमधलं आपलं घर डोळ्यांसमोर आणा. वर मुलगा-सून, खाली आजी-आजोबा, स्वयंपाकघर एक. आजीचं घर तेच नातवाचं घर. म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे वेगळं राहणारी आजी चालते, आणि रात्री दोनला उठून बाळाला खांद्यावर घेणारी चालत नाही. नियम करणाऱ्याच्या मनात जे कुटुंब होतं त्यात आजी रविवारी जेवायला येत असावी.

सरकारची बाजूही सांगते, कारण ती खुळचट नाही. लाखो आजीआजोबा हे काम फुकट करतातच. त्यांना पैसे द्यायला लागलं तर खर्च डोंगराएवढा, आणि त्यातून एकही नवी आई कामावर जाणार नाही, कारण ती आधीच जातेय. शिवाय घरच्या घरात किती तास सांभाळलं हे तपासायचं कोणी? हिशेब बिनचूक आहे. मला खटकतं ते एवढंच, की हाच हिशेब मांडून आजीचं काम कायम फुकट ठेवता येतं. ती करतेच आहे ना, मग द्यायचं कशाला!

काही सरकारांनी वेगळं ठरवलं. दक्षिण कोरियातल्या सोलच्या महापालिकेने 2023 मध्ये सुरू केलेल्या योजनेत दोन ते तीन वर्षांच्या नातवंडाला महिन्यात किमान 40 तास सांभाळणाऱ्या आजीआजोबांना 3 लाख वॉन मिळतात. त्याला उत्पन्नाची अट आहे. स्वीडनमध्ये जुलै 2024 पासून आईला किंवा वडिलांना आपल्या पगारी रजेतले 45 दिवस आजीआजोबांच्या नावावर करता येतात. ब्रिटनमध्येही 2015 साली अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी आजीआजोबांना रजेत वाटा देऊ, 2018 पर्यंत देऊ, असं जाहीर केलं होतं. 2018 आलं आणि गेलं.

भारतातून येणाऱ्या आजींबद्दल दोन शब्द, कारण इथे अर्ध्या घरांत त्याच आहेत. त्या व्हिजिटर व्हिसावर येतात, एका वेळी सहा महिने. या व्हिसावर काम करता येत नाही. थोड्या दिवसांच्या मुक्कामात नातवाला सांभाळलं तर होम ऑफिसची, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या खात्याची, हरकत नसते. ते नोकरीसारखं झालं की असते. म्हणून विमानतळावर "कशाला आलात?" असं विचारल्यावर "सून कामाला जाते, बाळ सांभाळायला आले," असं भाबडेपणाने सांगितलं की पुढचे प्रश्न वाढतात. खोटं बोलू नका. पण जे खरं आहे ते नीट सांगा: नातवाला भेटायला आले, अमुक तारखेला परत जाणार, पगार वगैरे काही नाही. या आजींना नोंदणीचा विषयच नाही.

उरल्या इथे स्थायिक झालेल्या, पेन्शनचं वय न गाठलेल्या आजी. तुमच्यासाठी एक गोष्ट खरोखर आहे आणि ती कोणी सांगत नाही. एप्रिल 2011 पासून, बारा वर्षांखालच्या नातवंडाला सांभाळणाऱ्या आजीला किंवा आजोबांना नॅशनल इन्शुरन्सचं, म्हणजे ज्या वर्गणीवर सरकारी पेन्शन ठरते तिचं, क्रेडिट मिळू शकतं. पैसे हातात येत नाहीत, पेन्शनचं वर्ष भरतं. पूर्ण नवी पेन्शन मिळायला साधारण 35 वर्षं लागतात. आपल्या कितीतरी बायका चाळिशीत इथे आल्या किंवा अधेमधे घरी बसल्या, त्यांची वर्षं कमी पडतात. नोंदणी नको, तपासणी नको, निरांजन हलवायला नको. कोविडच्या वर्षात तर फोनवरून, व्हिडिओवरून सांभाळलेलंही धरलं होतं. आजीने लॅपटॉपसमोर बसून चिऊकाऊची गोष्ट सांगितली, ती सरकारदरबारी लागू पडली.

यात खड्डा एकच, पण आपली माणसं नेमकी तिथेच पडतात. हे क्रेडिट मुळात चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता, घेणाऱ्या आईचं किंवा वडिलांचं असतं. नोकरीमुळे त्यांचं वर्ष आधीच भरलेलं असल्याने ते आजीच्या नावावर करता येतं. आता आयटीतला आपला मुलगा म्हणतो, माझा पगार 80 हजार पौंडांच्या वर आहे, चाइल्ड बेनिफिट घेतलं तरी करात परत जाणार, मग फॉर्म भरायचा कशाला? अरे बाबा, फॉर्म भर. पैसे नकोत अशी खूण त्याच फॉर्मवर करता येते. फॉर्मच नसेल तर क्रेडिट नाही, आणि आजीचं वर्ष गेलं. ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायची मनाई आहे त्यांनी मात्र यात हात घालू नये, आधी वकिलाला विचारावं.

अर्ज कर-वर्ष संपल्यावर येणाऱ्या 31 ऑक्टोबरनंतर करायचा. त्यावर आजीची सही लागते आणि चाइल्ड बेनिफिट घेणाऱ्याचीही. मुलं दोन असोत की तीन, एका चाइल्ड बेनिफिटमागे क्रेडिट एकच. आईची आई सोमवार-मंगळवार आणि वडिलांची आई बुधवार-गुरुवार सांभाळत असेल, तर सही कोणाच्या अर्जावर करायची हे सुनेने ठरवायचं आहे. मी कौन्सिलमध्ये असतानाही त्या प्रश्नाला कधी उत्तर दिलं नाही, आणि आजही देणार नाही.