दुसऱ्याचा ‘सा’ ऐकताना

शाळेत संगीत शिकवण्याची तयारी करणाऱ्या तुम्हा विद्यार्थ्यांपुढे बोलताना मला माझ्या पहिल्या तासापासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण इतक्या वर्षांच्या रियाजात जे शिकायचे राहून गेले होते, ते त्या एका तासात उघडे पडले.

मी गायक म्हणून घडलो. पहाटे तानपुरा जुळवायचा, खर्ज भरायचा, म्हणजे खालचे स्वर लांबवून गायचे, मग पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, मग तोच एक राग महिनोन्‌महिने. गुरुजी समोर बसून स्वर तपासत आणि बहुधा “पुन्हा” एवढेच म्हणत. या तालमीत विद्यार्थ्याचा कान हळूहळू स्वतःच्या आवाजाकडे वळतो आणि तो वळायलाच हवा, कारण नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधाराशी, म्हणजे ‘ग’शी, आपला गंधार मिळाला की नाही, हे शेवटी ज्याचे त्यालाच कळावे लागते. शाळेच्या वर्गात मात्र माझ्यासमोर चाळीस आवाज होते आणि त्यांतला एकही माझा नव्हता.

माझा ‘सा’ काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर. तिसरीच्या त्या मुलांनाही मी काळी एकमध्येच गाणे सांगितले. त्याची चाल मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत उतरत होती. काही मुले घशातून घुमल्यासारखा आवाज काढू लागली, काही नुसतेच शब्द म्हणू लागली. त्यांतल्या सहा-सात मुलांना मी बेसूर ठरवले, मागच्या रांगेत बसवले आणि “तुम्ही फक्त टाळ्यांचा ठेका धरा,” असे सांगितले. या वाक्याचे मला आजही वाईट वाटते.

पुढे काही आठवड्यांनी मधल्या सुट्टीत मागच्या रांगेतली एक मुलगी व्हरांड्याच्या टोकावरून मैत्रिणीला हाक मारत होती. नावाची दोन अक्षरे, दोन स्वर, आणि दर वेळी तेच अंतर! मी वर्गात जाऊन पेटीवर ते स्वर शोधले. पांढरी चारचा, म्हणजे काळी एकहून वरच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचा ‘सा’ धरला तर ती पंचमावरून गंधारावर उतरत होती, अगदी स्वच्छ. म्हणजे त्या मुलीच्या गळ्यात सूर होता. मी ज्या पट्टीत गायला सांगत होतो तिथे तो नव्हता.

यामागचे कारण साधे आहे, पण ते मला कोणी सांगितले नव्हते. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजाहून साधारण एक सप्तक खाली असतो. काही मुले ते सप्तक आपसूक बदलून घेतात, तर काही शिक्षकाच्याच खालच्या सुरांवर उतरण्याचा प्रयत्न करतात आणि तिथे त्यांचा गळा पोहोचत नाही. सप्तक बदलले तरी काळी एकचा मंद्र पंचम सात-आठ वर्षांच्या मुलाला फार खाली पडतो. ‘सा’ पांढरी चारवर नेला की मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतची चाल बहुतेक मुलांना सहज पेलते. मी पट्टी बदलली आणि मागची रांग मोडली.

हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय १९२० च्या दशकात मुलांच्या गाण्याकडे वळले. त्यांच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या पद्धतीत मुलांचे स्वरशिक्षण याच दोन स्वरांपासून, वरच्या पंचमापासून खालच्या गंधारापर्यंतच्या उतरणीपासून सुरू होते, हे मी नंतर वाचले. ती मुलगी मात्र मला आधी भेटली, याचा मला आनंद आहे.

आपल्याकडेही हा प्रश्न जुनाच आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गुरुगृही शिकले. पण १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा एका शिष्यासमोर एक गुरू ही मांडणी त्यांना बदलावी लागली. अनेकांना एकत्र शिकवायचे तर स्वरलिपी हवी, अभ्यासक्रम हवा, वेळापत्रक हवे. ते सारे आपल्याला वारशात मिळाले आहे. मात्र वर्गातल्या प्रत्येक गळ्याकडे कान द्यायचे काम कोणतीही स्वरलिपी करत नाही, आणि गुरुगृही ते काम आपोआप होत असे.

म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पेटी वाजवणे मधूनच थांबवा. पेटीच्या आवाजाखाली निम्मा वर्ग झाकला जातो आणि शिक्षकाला वाटते की सगळे गात आहेत. हात थांबला की कोण पेटीला धरून होते आणि कोण सुराला, ते लगेच ऐकू येते. पहिल्या वर्षी मला तसे थांबण्याची भीती वाटत असे.

आणखी एक प्रसंग सांगतो. आठवीतला एक मुलगा, वर्गातला सर्वांत गोड गळ्याचा, एके दिवशी गायचाच थांबला. आवाज फुटत होता आणि मुले हसत होती. त्याला गप्प बसवायचे नाही, एवढे मी तोवर शिकलो होतो. दर आठवड्याला तास संपल्यावर आम्ही दोघे पेटीशी बसत असू. त्याच्या हाती सुरेल लागणारे चार-पाच स्वर जिथे असतील, तिथेच त्या दिवसाचा ‘सा’ धरायचा आणि तेवढ्यातच गायचे. तो ‘सा’ महिनोन्‌महिने खाली सरकत राहिला. वर्ष संपता संपता तो काळी एकवर येऊन स्थिरावला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघे एकाच पट्टीत गायलो.