काळा तंबू आणि पांढरा तंबू : तिबेटी पशुपालकांच्या माळावर

नमस्कार मंडळी! आज आधी दोन फोटो दाखवते, मग बोलते.

(फोटो पहिला)

हा पांढरा तंबू. जाड कापड, कडेने निळी नक्षी, आत गालिचे आणि जेवणाची टेबलं.

(फोटो दुसरा)

आणि हा काळा. खरबरीत, बसका, चारी बाजूंनी दोऱ्यांनी ताणलेला. दोन्ही फोटो एकाच माळावरचे आहेत, हाकेच्या अंतरावरचे. येणारे बहुतेक लोक पांढऱ्यात जेवतात, त्याच्यासमोर फोटो काढतात आणि गाडीत बसतात. आता पांढरा तंबू काही खोटा नाही. सण, सहली, घोड्यांच्या शर्यती असल्या की तिबेटी लोक हौसेने हेच तंबू ठोकतात. आपल्याकडे लग्नाचा मांडव असतो, तसा तो. काळा तंबू म्हणजे घर. मांडवात जेवून आलो म्हणजे त्यांचं घर पाहिलं, असं कसं म्हणणार?

तर आजचा व्हिडिओ त्या घराबद्दल.

जागा आधी सांगते. हा सांगके माळ, चीनच्या गान्सू प्रांतातला. तिबेट म्हटलं की आपल्याला ल्हासाच आठवतं, पण तिबेटी लोकांची वस्ती त्याच्या कितीतरी पलीकडे पसरली आहे. पठाराच्या या ईशान्य भागाला ते आम्दो म्हणतात. जवळचं गाव शियाहे. तिथे लाब्रांग मठ आहे, १७०९ साली स्थापन झालेला, तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाच्या सहा मोठ्या मठांपैकी एक. लानझोऊ शहरातून बसने साधारण चार तास लागतात. ल्हासाकडे जायला चिनी व्हिसाशिवाय वेगळा परवाना लागतो, इकडे एरवी तो लागत नाही. मात्र हे भाग परदेशी लोकांना कधीकधी अचानक बंद होतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. आणि एक रात्र शियाहेत काढा. माळ तीन हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंच. पहिल्याच दिवशी घोड्यावर बसायची घाई केली की डोकं धरून झोपायची वेळ येते.

माळावर ‘लोकसंस्कृती गाव’ अशा पाट्या दिसतात. आत ओळीने पांढरे तंबू, गळ्यात घालायला खाता म्हणजे पांढरं रेशमी वस्त्र, घोड्यावरून एक फेरी, रात्री नाच. हे चालवणारी अनेक कुटुंबं स्वतः पशुपालक आहेत किंवा कालपर्यंत होती. त्यांच्या मिळकतीचा हा भाग आहे, तेव्हा पैसे द्या, जेवा, नाच बघा. पण त्यांना एक विचारा : तुमचा काळा तंबू कुठे आहे?

मी विचारलं. दुभाषी मुलगी जरा थांबली, मग एका आजींकडे घेऊन गेली. तंबूच्या आधी कुत्रं आलं. ही सवय लावून घ्या : तिबेटी तंबूपाशी गुपचूप जायचं नाही. लांबून हाक द्यायची, घरचं माणूस कुत्र्याला धरेपर्यंत थांबायचं. तिथल्या राखणीच्या कुत्र्याला ‘दोख्यी’ म्हणतात, त्याचा अर्थच बांधलेला कुत्रा. तो सुटलेला असेल तर पाऊल पुढे टाकू नका.

तंबू याकच्या राठ केसांचा असतो. केस कातायचे, पीळ द्यायचा, जमिनीवर ताणलेल्या मागावर वीत-दीडवीत रुंदीच्या लांब पट्ट्या विणायच्या आणि त्या एकमेकींना शिवायच्या. विणीतून उजेड आत येतो, धूर बाहेर जातो. मग पाऊस आत येत नाही का? भिजल्यावर केस फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात. घोंगडी पांघरून पावसात चाललेला मेंढपाळ आठवा, म्हणजे हे लगेच समजेल.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. हा तंबू एकदम जुना होतच नाही. दरवर्षी एखाददुसरी नवी पट्टी विणून त्यात शिवतात आणि झिजलेली काढून टाकतात. त्यामुळे एकाच छपरात सासूने विणलेली पट्टी असते आणि सुनेनेही.

आत मधोमध चूल. एक बाजू बायकांच्या कामाची, तिथे दुधाची भांडी. दुसरी बाजू पुरुषांची आणि पाहुण्यांची. मागे देव. कुठे बसायचं ते घरचे दाखवतात, तोवर उभं राहायचं. चुलीकडे पाय करायचे नाहीत आणि तिच्यात कचरा टाकायचा नाही. चुलीत देवता असते, घाण जळाली तर ती रागावते असं ते मानतात. उष्ट्या हाताने चुलीला शिवू नकोस हे माझी आजीही सांगायची, त्यामुळे मला तिथे काही नवीन शिकावं लागलं नाही.

चुलीत जळतं शेण. या उंचीवरच्या माळावर झाडं नाहीत, लाकूड आणणार कुठून? बायका सकाळी शेण गोळा करतात, हाताने पातळ पसरतात, वाळलं की रचून ठेवतात. धुराचा वास आपल्या गोवऱ्यांच्या धुरासारखाच, थोडा गवताकडे झुकणारा.

आता दूध. तुम्ही ‘याकचं दूध’ म्हणालात तर तिथली पोरं हसतील. याक म्हणजे नर. दूध देते ती ‘द्री’. पहाटे लांब दोरावर वासरं बांधलेली असतात. वासरू आधी द्रीला लावायचं, तिने पान्हा सोडला की ओढून बाजूला बांधायचं आणि धार काढायची. हे बघताना मी पुटपुटले, ‘पान्हवली’. दुभाष्या मुलीने विचारलं, काय म्हणालात? मी हाताने दाखवलं. तिने आजींना सांगितलं, आजींनी त्यांचा शब्द सांगितला. तो मला नीट उच्चारता आला नाही, पण बोललो आम्ही एकाच गोष्टीबद्दल.

द्रीचं दूध म्हशीच्या मानाने थोडंच असतं, पण दाट. त्याचं लोणी, दही, आणि वाळवलेलं चीज, ज्याला ‘छुरा’ म्हणतात. पूर्वी लोणी घुसळून काढायचे, आता बहुतेक तंबूंत साय वेगळी करणारं हाताने फिरवायचं यंत्र असतं.

त्साम्पा तुम्ही नक्की खा. भाजलेल्या जवाचं पीठ. अहो, आपलं सातूचं पीठच ते! आपण गूळ-दूध घालतो, ते वाडग्यात चहा, लोणी, छुरा आणि पीठ घालतात, बोटांनी वाडगा फिरवत मळतात आणि मुटका करून खातात. गंमत म्हणजे जव माळावर पिकत नाही. तो खालच्या शेतकऱ्यांकडून यायचा आणि बदल्यात लोणी, लोकर, मीठ जायचं. आपले धनगर शेतात मेंढ्या बसवून धान्य घेतात, त्याच जातीचा हा व्यवहार. शाकाहारी मंडळींनी ‘द्रोमा’ही मागा, रानातली बारीक गोडसर मुळं, भात आणि लोण्याबरोबर देतात.

तिबेटीत ‘नोर’ म्हणजे धन, आणि जनावरांनाही नोरच म्हणतात. आपण पशुधन म्हणतो तसं. सांगके माळ ज्या गाननान भागात येतो, तिथेच रितोमा गावात २००७ साली ‘नोरल्हा’ नावाची कार्यशाळा सुरू झाली. तिथे पशुपालकांच्या घरातली माणसं याकच्या मऊ लोकरीची, म्हणजे ‘खुलू’ची, वस्त्रं विणतात. तंबूचे केस राठ, खुलू मऊ, एकाच जनावराचे. आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तिचं नाव नोर्गेलिंग. त्यातला ‘नोर’ तोच. ‘गोठण’ म्हणजे गावची गुरं जमायची जागा! हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री उठून वहीत लिहून ठेवलं होतं.

आता एक जड गोष्ट. गावांच्या मधे माळावर तारेची कुंपणं दिसतील. ती जुनी नाहीत. १९८० नंतर आधी जनावरं आणि मग कुरणंही कुटुंबांना वाटली गेली, तेव्हा ती आली. २००३ पासून चराई कमी करून गवत वाढवण्याची मोठी सरकारी योजना सुरू झाली. अनेक कुटुंबांनी जनावरं विकली आणि ती ओळीने बांधलेल्या पक्क्या घरांत गेली. सरकार म्हणतं, अतिचराईने माळ खराब झाला होता, शिवाय शाळा-दवाखाने जवळ आले. मानवी हक्क संघटना म्हणतात, लोकांना खरा पर्याय दिलाच नाही. कितीतरी अभ्यासक सांगतात की जनावरं हिंडती राहिली तरच माळाला विश्रांती मिळते. मला हे पटतं. माळ कधी सोडायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना कळत होतं, त्यांना विचारूनच ठरवायला हवं होतं. शाळा हवीच, पण त्यासाठी कळप विकावा लागणं हा काही न्याय नाही.

आजींचं कुटुंबही आता रस्त्याकडेच्या घरात राहतं. काळा तंबू उन्हाळ्यापुरता उभा करतात. म्हणून शेवटी मी विचारलं, मग हा आता पाहुण्यांसाठीच का?

आजी उत्तर न देता उठल्या. छताला मधोमध हात लावून मला बोलावलं. तिथे एक पट्टी बाकीच्यांहून गडद होती, टाके ताजे. दुभाष्या मुलीने विचारून सांगितलं, ही याच वर्षीची आहे. आणि तंबूच्या मागे, जमिनीवर ताणलेल्या मागावर, पुढच्या वर्षीची अर्धी विणून झाली होती.

(फोटो तिसरा : माग)