मुंडक्यापासून शेवटच्या ड्रिपरपर्यंत

(पडद्यावर ग्रिलचा बर्नर, अगदी जवळून. मागे माणसांचा गलका.)

ही ज्योत नीट बघा. डावीकडचा बर्नर पेटलाय, पण झुळूक आली की मान टाकतो. उजवीकडचा पिवळा आहे, लांब जिभेचा, जाळीला काजळी लावणारा. दोन्ही नॉब पूर्ण उघडे आहेत. वांगं अर्ध्या तासापासून वर ठेवलंय आणि त्याची साल फक्त घामेजलीये.

डिसेंबरचा शेवट. वरुड तालुक्यातला संत्र्याचा बगीचा, मागे सातपुड्याची निळसर रेघ. आंबिया बहाराची संत्री उतरलीत, मृग बहाराची फळं अजून झाडावर आहेत. धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, हुरड्यापुरती ज्वारी पेरलेली. आज पाहुणे जमलेत आणि भाचेबुवांनी नागपुरातून एक नवलाची वस्तू आणलीये. अमेरिकेतून परतलेलं एक कुटुंब घर आवरत होतं, त्यांच्याकडून घेतलेली जुनी, घडीची, प्रोपेनवर चालणारी ग्रिल. डिक्कीत मावते, पाय उघडले की उभी राहते.

उभी राहिली. पेटेना मात्र.

"काहून जी भाचेबुवा, अगरबत्ती लावली का?" मामाजींनी विचारलं. मग सल्ले सुरू झाले. एक म्हणे सिलिंडर अर्धाच भरून देतात. दुसरा म्हणे हलवून पाहा. तिसऱ्यानं तर सिलिंडर आडवा करायला हात घातला, तेव्हा मामाजी पहिल्यांदा खेकसले.

त्यांचं खेकसणं बरोबर होतं. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ जमते आणि आपण जाळतो ती ही वाफ. सिलिंडर आडवा केला की व्हॉल्व्हच्या तोंडाशी वाफेऐवजी द्रव येतो. द्रव बाहेर पडून वाफ झाला की अडीचशे पटींच्या आसपास फुगतो. मग ज्योत मोठी होत नाही, भडका होतो.

(पडद्यावर ड्रिपच्या नळ्या, झाडाच्या आळ्यात ठिबकणारं पाणी.)

मामाजींना ग्रिलमधलं काही कळत नाही, हे त्यांनीच सांगितलं. पण पंचवीस वर्षं त्यांनी ड्रिप, म्हणजे ठिबक सिंचन, चालवलीये. शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसेल तर ते शेवटच्या झाडापाशी जात नाहीत. आधी मोटर बघतात, मग फिल्टर धुतात, मग सबमेन ही मधली मोठी नळी, मग लॅटरल म्हणजे ओळीतली बारीक नळी, आणि सगळ्यात शेवटी पाणी ठिबकवणारा ड्रिपर. "आधी मुंडक्यापासून पाह्य," ते भाच्याला म्हणाले. "पाणी कमी नसते बाप्पा, मंधात कोठंतरी अडलं असते."

ह्या वाक्यावर आमचा कॅमेरा दिवसभर चालला. आम्ही आलो होतो हुरड्याचं चित्रण करायला, ते राहिलंच.

मुंडकं म्हणजे इथे सिलिंडर. पाच किलोचा, छोटा. आत गॅस आहे की नाही हे हलवून कळत नाही, वजनाने कळतं. प्रत्येक सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. मामाजींनी संत्र्याचे क्रेट मोजायचा काटा ओढून आणला. भरलं 11 किलो 300 ग्रॅम. कोरलेला आकडा 7 किलो 600. म्हणजे आत 3 किलो 700 ग्रॅम गॅस होता. कंपनीवरचा आरोप तिथेच मिटला.

पुढे नळी. ग्रिलसोबत आलेली काळी रबरी नळी वाकवली तर वळणावर बारीक भेगा दिसल्या, आणि आतून बोट फिरवलं तर चिकट तेलकट थर हाताला आला. जुन्या रबरात हे होतंच. भाच्यानं ती फेकून तालुक्याच्या एजन्सीतून तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी आणली. हिचंही आयुष्य पाच वर्षांचं धरतात, तारीख नळीवरच छापलेली असते. आपल्या घरच्या नळीवरची तारीख कधी वाचलीत?

नवी नळी लागली, क्लिप आवळली. गळती बघायला एका पाहुण्यानं खिशातून काडेपेटी काढली. अशी पेटी खिशात घेऊन फिरणारा माणूस प्रत्येक गावात एक असतो. भांडी घासायच्या साबणाचा दाट फेस करून प्रत्येक जोडावर लावायचा, बुडबुडा फुगला तर गळती. एवढंच. जिथे वास येतोय तिथे काडी ओढायची नाही. मुळात ह्या वायूला वास नसतो. आपल्या नाकाला कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात.

फेस फुगला नाही. ज्योत मात्र तशीच, अगरबत्तीएवढी.

(पडद्यावर आठवडी बाजार. पाल, स्टोव्हचे सुटे भाग, पितळी जेट मांडलेले.)

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तिथे गॅस शेगड्या दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी ग्रिल उलटी केली, कडेला हात फिरवला आणि एका चपट्या, तबकडीसारख्या वस्तूवर नखानं टिचकी मारली.

"हे काय हाय, माहीत हाय का?"

तो रेग्युलेटर होता. ग्रिलचा स्वतःचा. सिलिंडरवर आपण आपला रेग्युलेटर लावलाच होता. म्हणजे एका वाटेवर दोन नाकेदार बसले होते.

ही गोष्ट जरा सावकाश समजून घेऊ, कारण सगळं दुखणं इथे होतं. अमेरिकेत अशा लहान ग्रिलला पाण्याच्या बाटलीएवढा सिलिंडर थेट जोडतात. आत साधारण 465 ग्रॅम प्रोपेन असतं, आणि दाब मोठा, कित्येक किलोंचा. मामाजींच्या भाषेत किलो म्हणजे चौरस सेंटीमीटरवरचा दाब. ड्रिप एक-दीड किलोवर चालते, हे त्यांना तोंडपाठ. तो मोठा दाब उतरवायला ग्रिलवरच रेग्युलेटर बसवलेला असतो. येणारा दाब मोठा म्हणून त्याच्या तोंडाचं छिद्र अगदी बारीक ठेवलेलं. आपल्याकडे हे काम सिलिंडरवरचा रेग्युलेटर करतो. तो दाब आधीच 30 ग्रॅमवर आणतो. किलो नाही, ग्रॅम. मग हा 30 ग्रॅमचा मंद गॅस त्या बारीक छिद्रातून जायला गेला तर पलीकडे कितीसा पोचणार?

ग्रिलच्या रेग्युलेटरवर काय लिहिलंय ते काकांनी भाच्याला वाचायला लावलं. बाहेरचा दाब: 11 इंच पाणी. म्हणजे 28 सेंटीमीटर उंचीच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढा. हिशोब केला तर चौरस सेंटीमीटरला 28 ग्रॅम. आपला 30, त्यांचा 28. सातासमुद्रापलीकडची ग्रिल आणि वरुडची शेगडी जवळजवळ एकाच दाबावर जळतात, हे कळल्यावर भाचा काका सोडून कॅमेऱ्याकडेच बघत राहिला.

काकांनी ग्रिलवरचा रेग्युलेटर काढला, जागी पितळी निपल बसवून नळी थेट जोडली आणि सगळे जोड पुन्हा साबणानं तपासले. त्यांना हे सांगायला आणि करायला मिळून वीस मिनिटं लागली. म्हणून घरी पाना घेऊन बसू नका. रेग्युलेटरवर वेगळा आकडा असेल तर हीच दुरुस्ती धोक्याची ठरते.

डावा बर्नर निळा झाला. फुरफुर आवाज करणारा, स्वच्छ निळा.

उजवा अजून पिवळाच होता.

(पडद्यावर बर्नरची नळी. टॉर्चचा उजेड आत.)

हे दुसरं दुखणं, आणि ह्याचा गॅसशी संबंधच नव्हता. बर्नरच्या तोंडाशी एक पितळी जेट असतो, एक मिलिमीटरहूनही बारीक छिद्राचा. त्यातून गॅस सुसाट सुटतो आणि सुटताना बाजूची हवा सोबत ओढतो. नळीत दोघं मिसळतात, मग ज्योत निळी येते. हवा कमी पडली की जळणं अर्धवट होतं, ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते. म्हणून पिवळ्या ज्योतीला गॅस वाढवून भागत नाही. हवेची वाट मोकळी आहे का, ते बघायचं.

काकांनी नळी सोडवून जमिनीवर ठोकली. आधी थोडी धूळ पडली, मग मातीचा एक गोळा, बोटाच्या पेराएवढा, आणि त्यात मेलेले कोळी. कुंभारीण माशीचं घर. ही माशी कोळी पकडून मातीच्या कोठडीत भरते आणि वर अंडं घालते. तिला अरुंद, कोरडी पोकळी हवी असते. दोन पावसाळे पडून राहिलेल्या ग्रिलची नळी ह्याहून काय वेगळी?

कोळ्यांनाही अशा नळ्या आवडतात. 2011 साली एका जपानी कंपनीला उत्तर अमेरिकेत सुमारे 65,000 मोटारी परत बोलवाव्या लागल्या, कारण इंधनाच्या टाकीच्या वाफ जाणाऱ्या नळीत एका जातीचे पिवळे कोळी जाळी विणत होते. आपली तर भरिताची ग्रिल.

गंमत वाटली तरी हा अडथळा साधा नाही. पुढची वाट बंद असली की गॅस हवेच्या तोंडातून मागे येतो आणि नॉबपाशी पेट घेऊ शकतो. जुनी ग्रिल किंवा पडून राहिलेली शेगडी पहिल्यांदा पेटवण्याआधी नळीत टॉर्च मारावा. जेटचं छिद्र सुईनं कोरू नये. पितळ मऊ असतं, छिद्र वाढलं की ज्योत कायमची बिघडते. काकांनी जेट गरम साबणपाण्यात बुडवला, फुंकला, उजेडासमोर धरला, झालं.

(पडद्यावर संध्याकाळ. शेतात पुन्हा तीच ग्रिल, आता दोन्ही बर्नर निळे.)

परत शेतात. वांगी चढली, साल तडकली, वास सुटला. मामाजींनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ही त्यांची दाद.

तासाभरानं ज्योत पुन्हा बसायला लागली.

भाच्याचा चेहरा पडला. सिलिंडरला हात लावला तर थंडगार, अंगावर दव आलेलं. उत्तर मामाजींच्या ओसरीवर होतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं? पाण्याची वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. सिलिंडरचंही तेच. ग्रिलवर 20,000 बीटीयू लिहिलंय (बीटीयू हे उष्णतेचं माप), म्हणजे दोन्ही बर्नर पूर्ण उघडले की ताशी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गॅस. तेवढी वाफ व्हायला उष्णता लागते आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर ती बाहेरच्या हवेतून तेवढ्या वेगानं घेऊ शकत नाही. गार झाला की आतला दाब उतरतो. त्यात आपल्या गॅसमध्ये प्रोपेनसोबत ब्युटेनही असतं. प्रोपेन उणे 42 अंशांनाही उकळतं, ब्युटेन शून्याच्या जरा खाली. विदर्भातली डिसेंबरची रात्र, ओली काळी माती, त्यावर ठेवलेला सिलिंडर.

एकानं तो आगटीजवळ सरकवायला घेतला. आगटी म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा, आत गोवऱ्यांचे निखारे. गॅस हवेहून जड, गळला तर आधी खड्ड्यात उतरणार. मामाजी दुसऱ्यांदा खेकसले.

एक बर्नर बंद केला, सिलिंडर उचलून लाकडी पाटावर ठेवला, आगटीपासून लांब. थोड्या वेळानं उरलेली ज्योत सावरली. वांगी एकेक करून भाजून झाली. जास्त पाहुणे असतील तेव्हा मोठा सिलिंडर लागेल, असं भाच्यानं वहीत लिहिलं. त्याच पानावर, एजन्सीतल्या भिंतीवर वाचलेला गॅसगळतीच्या तक्रारीचा नंबरही आहे: 1906.

(पडद्यावर दोन ताटं, शेजारी शेजारी.)

भरीत झालं. हिरव्या कांद्याची पात, ठेचा, ज्वारीची भाकर. मामाजींच्या ताटातलं वांगं मात्र वेगळं होतं. ते त्यांनी मघाशीच, कोणाला न सांगता, धुऱ्यापलीकडे पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजून घेतलं होतं.

"गॅसवरचं बी चांगलं झालं जी," ते म्हणाले, आणि स्वतःचंच खात राहिले.

भाच्यानं ग्रिल पुसली, घडी केली आणि दोन्ही नळ्यांच्या हवेच्या तोंडांना ड्रिपच्या फिल्टरमधली जुनी बारीक जाळी तारेनं बांधली.