तवंग न धरणारे तेल

पाऊस सरून उन्हे पडू लागली की उरण-करंजाच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकू लागतात. ज्या समुद्रातून ते येतात, त्याच समुद्रात, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या विहिरी खोदणाऱ्या फलाटाने तेथे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढे समुद्रतळावरच्या वाहिन्यांतून तेल व वायू उरणच्या किनाऱ्याला लागला.

विहिरीतून तेल एकटे येत नाही. खडकात त्याच्या शेजारी लाखो वर्षे मुरलेले खारे पाणीही त्याच्याबरोबर वर येते. तेलक्षेत्र तरुण असते तेव्हा हे पाणी थोडे असते. वय वाढते तसे तेल घटते आणि पाणी वाढत जाते. जगभरची सरासरी धरली, तर आज तेलाच्या एका पिंपामागे पाण्याची तीन पिंपे निघतात, असा ढोबळ अंदाज आहे. हे पाणी पुन्हा जमिनीत दाबावे लागते किंवा शुद्ध करून समुद्रात सोडावे लागते.

किनाऱ्यावरचा माणूस तेल ओळखतो ते तवंगावरून आणि वाळूत पायाला चिकटणाऱ्या काळ्या डांबरी गोळ्यांवरून. पण जे तेल तरंगते, ते काढणे त्या मानाने सोपे असते. टाकीत पाणी थोडा वेळ स्थिर राहिले, की मोठे थेंब आपणहून वर येतात आणि वरचा थर काढून घेता येतो. खरी अडचण बारीक थेंबांची आहे. माशाच्या कालवणावरचे तेल पळीने अलगद काढता येते, परंतु तेच कालवण मिक्सरमधून फिरवले तर तेल रश्शात मिसळून जाते आणि मग पळीचा काही उपयोग राहत नाही. पंप आणि दाब कमी करणाऱ्या झडपा विहिरीच्या पाण्याचे नेमके हेच करतात.

थेंबाचा व्यास निम्मा झाला, की त्याचा वर येण्याचा वेग चौपटीने कमी होतो. १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब ज्या वेगाने वर चढतो, त्याच्या सव्वादोनशेपट हळू १० मायक्रॉनचा थेंब चढतो आणि स्थिर पाण्यातसुद्धा एक मीटर अंतर कापायला त्याला साधारण एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. समुद्रातल्या तेल काढणाऱ्या फलाटावर इतका वेळ नसतो आणि इतक्या मोठ्या टाक्यांना जागाही नसते. पाणी गरगर फिरवून तेल वेगळे करणारी हायड्रोसायक्लोन किंवा वायूचे बुडबुडे सोडून तेल उचलणारी यंत्रे पुष्कळ काम करतात, पण अगदी बारीक थेंब त्यांनाही चकवतात.

मेम्ब्रेनचे, म्हणजे बारीक छिद्रांच्या गाळणाऱ्या पडद्याचे, काम तेथे सुरू होते. घरच्या आरओ यंत्रामुळे हा शब्द आपल्याला परिचयाचा आहे. मात्र या कामासाठी लागणारा पडदा अनेकदा चिनी मातीसारख्या कठीण सिरॅमिकचा, म्हणजे ॲल्युमिना किंवा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. त्याची नळी टोकाकडून पाहिली, तर सोऱ्यातली शेवेची चकतीच हाती घेतल्यासारखे वाटते. या भोकांतून तेलकट पाणी वाहते. भोकांच्या भिंतींत मायक्रॉनच्या दहाव्या किंवा शंभराव्या भागाएवढी छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपून बाहेर पडते आणि थेंब आतच अडतो. सिरॅमिक महाग आणि वजनदार असते, पण उष्णता आणि तीव्र रसायने ते सोसते.

हा पडदा चोंदतो, हेच त्याचे सर्वांत मोठे दुखणे आहे. तेल, मेण, वाळूचे कण आणि जिवाणू भिंतीवर थर धरतात. म्हणून पाणी पडद्यावर थेट न दाबता त्याच्या कडेने वेगात वाहते ठेवतात. खाडीच्या ज्या पात्रात ओढ असते तेथे गाळ ठरत नाही, तसेच हे आहे. तरीही थर बसतोच. मग काही सेकंद उलट दिशेने पाणी मारतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर तेलासाठी कॉस्टिक सोड्याने व क्षारांसाठी आम्लाने धुतात. माझ्या मते अशा संयंत्राची पारख पडदा नवा असताना नव्हे, तर शंभराव्या धुण्यानंतर त्यातून किती पाणी उतरते यावर करावी.

या पडद्याला सर्व काही साधत नाही. पाण्यात विरघळलेले बेंझिन, फिनॉल आणि मीठ या छिद्रांतून सरळ पलीकडे जाते. त्यासाठी पुढचे वेगळे टप्पे लागतात.

भारतात समुद्रात सोडायच्या अशा पाण्यातील तेलाची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ४० मिलिग्रॅम आहे. ईशान्य अटलांटिकमध्ये ती ३० आहे. आकडा लहान दिसतो, पण तो लिटरमागचा आहे. मर्यादा काटेकोर पाळूनही एक कोटी लिटर पाण्याबरोबर ४०० किलो तेल समुद्रात जाऊ शकते आणि तेलक्षेत्र म्हातारे होत जाते तसे हे लिटर वाढतच जातात. म्हणूनच त्या बारीक थेंबाचा इतका पाठपुरावा करायचा.

पडद्याच्या आत अडलेले, तेलाने दाट झालेले पाणी सहसा फेकून देत नाहीत. ते पहिल्या टाकीत परत नेतात. तेथे थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि वर येऊन बाकीच्या तेलात मिसळतात. जे तेल पाण्याबरोबर समुद्रात गेले असते, ते मग तेलाच्या वाहिनीतून किनाऱ्याला येते.