वहीच्या समासातील रेघा

[दृश्य : टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान. मे महिन्याची अखेर, सकाळची वेळ.]

बेळगावात वळवाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले, की मैदानावरची तांबडी माती बुटांना चिकटू लागते आणि रविवारी सकाळी येथे बेसबॉल खेळणाऱ्या या हौशी संघाचा हंगाम आपोआप संपतो. ज्या आवारात एकेकाळी देवीची लस तयार होत असे, तेथे आज एका झाडाखाली सतरंजी अंथरली आहे. तिच्यावर कुंद्याचे दोन डबे, एक जाडजूड स्कोअरबुक आणि पितळेची काही बक्षिसे मांडलेली आहेत. खेळाडूंपैकी बहुतेक जण टेनिस बॉल क्रिकेटमधून आले, काही जण कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले होते. कोणी उद्यमबागेत लेथ चालवतो, कोणी वडगावात यंत्रमाग, कोणी शाळेत शिकवतो. आपसात ते मराठीही बोलतात आणि कन्नडही. मैदानावर मात्र ‘सेफ’ आणि ‘आउट’ या दोन शब्दांवर सगळ्यांचे भागते, आणि भांडणेही याच दोन शब्दांवरून होतात.

बक्षिसे कोणाला, हे सतरंजीवर बसलेले काका सांगणार आहेत. काका स्वतः कधी खेळले नाहीत. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी उद्यमबागेतील एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढली, आणि मापात न बसलेला जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, हातात घेऊन तो परत पाठवण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. संघाचे गुणलेखन त्यांच्याकडे आले ते त्यामुळेच. बेसबॉलच्या नोंदींना आज जे रूप आहे ते घडवण्यात हेन्री चॅडविक यांचा मोठा वाटा होता. १८२४ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला हा पत्रकारही आधी क्रिकेटचेच सामने लिहीत असे. तिसरा स्ट्राइक लागून, म्हणजे तिसऱ्यांदा चेंडू हुकून किंवा टप्प्यातला चेंडू सोडून, फलंदाज बाद झाला, की वहीत ‘के’ हे अक्षर लिहिण्याची पद्धत त्याचीच, आणि काका ते अक्षर आजही कोरून काढल्यासारखे लिहितात.

[दृश्य : स्कोअरबुकची पाने. पेन्सिलीने भरलेले चौकोन.]

वादाची सुरुवात फलंदाजीच्या बक्षिसापासून होते. जमिनीवरून गेलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या ग्लव्हला लागून सुटला, तर तो फलंदाजाचा हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर गाठलेला बेस (धावमार्गावरचा टप्पा), धरायचा की क्षेत्ररक्षकाची चूक, हे गुणलेखकाने ठरवायचे असते. साधारण प्रयत्नात तो चेंडू अडवता आला असता का, एवढाच प्रश्न त्याने स्वतःला विचारायचा असतो. काकांच्या लेखी ‘साधारण प्रयत्न’ म्हणजे बराच प्रयत्न. त्यामुळे आपला हिट वहीत चूक म्हणून नोंदला गेल्याची तक्रार दर रविवारी कोणीतरी घेऊन येतो आणि चहा पिऊन परत जातो.

दुसरा वाद पात्रतेचा असतो. समजा, एखादा तरुण चारच सामने खेळला आणि दहा संधींत सहा हिट मारून .६०० च्या सरासरीवर बसला, तर वर्षभर उन्हात उभ्या राहिलेल्या आणि .३०० च्या आसपास असलेल्या माणसाने काय करायचे? अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, यासाठी दर सामन्यामागे ३.१ वेळा फलंदाजीला आलेले असणे आवश्यक असते, म्हणजे १६२ सामन्यांच्या हंगामात ५०२ वेळा. येथील सामने नऊऐवजी सात डावांचे असल्याने काकांनी ३.१ या आकड्याला सातने गुणून नऊने भागले आणि तो साधारण २.४ वर आणला. हा हिशेब कोणी तपासून पाहिला असेल असे वाटत नाही. पण तो मान्य सगळ्यांना आहे.

पिचरच्या, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याच्या, बक्षिसात काका विजयांची संख्या पाहत नाहीत. मागे उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांनी चुका केल्या किंवा फलंदाजांनी धावाच काढल्या नाहीत, तर पिचरने काय करावे? हे पटायला मेजर लीगलाही बराच काळ लागला. साय यंग या ५११ विजय मिळवलेल्या पिचरच्या नावाचा पुरस्कार १९५६ साली सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे मतदारांची नजर विजयांच्या रकान्यावर खिळलेली असे. २०१८ साली जेकब डिग्रॉम याला तो पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्या नावावर केवळ १० विजय आणि ९ पराभव होते. मात्र दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या अर्जित (क्षेत्ररक्षकांच्या चुकांविना झालेल्या) धावांची सरासरी १.७० इतकी कमी होती.

क्षेत्ररक्षणात आकड्यांपेक्षा नाव मोठे ठरण्याचा धोका अधिक. १९९९ साली राफाएल पालमेइरो याला पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षणासाठी गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाला, आणि त्या हंगामात तो पहिल्या बेसवर उभा राहिला होता फक्त २८ सामन्यांत. हा किस्सा येथे दरवर्षी सांगितला जातो आणि दरवर्षी त्याच जागी हशा पिकतो.

[दृश्य : होम प्लेटमागे (फलंदाजाजवळची पट्टी, जिथे परतल्यावर धाव होते) उकिडवा बसलेला कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू पकडणारा. चेंडू त्याच्यापुढे मातीत आपटतो.]

खरी अडचण या माणसाची आहे. तो वडगावात यंत्रमागावर काम करतो. तुटलेला धागा बोटांनीच जोडायचा असल्यामुळे उजवा हात तो सतत पाठीमागे लपवून बसतो. बोट दुखावले तर आठवड्याची मजुरी जाते. चेंडू त्याच्या आवाक्यातून निसटून मागे गेला आणि धावपटू पुढे सरकला, तर स्कोअरबुकात त्याची नोंद होते. दोष कॅचरचा असेल तर ‘पास्ड बॉल’, पिचरचा असेल तर ‘वाइल्ड पिच’. पण मातीत आपटलेला तोच चेंडू त्याने गुडघे टेकून छातीवर घेतला आणि तिसऱ्या बेसवरचा धावपटू जागच्या जागी राहिला, तर वहीत काहीच लिहिले जात नाही. न घडलेल्या धावेसाठी त्या वहीत रकानाच नाही. आणि असा कॅचर मागे आहे म्हणूनच पिचर धावपटू तिसऱ्या बेसवर असतानाही खाली पडणारा चेंडू टाकायला धजावतो, फलंदाज चुकतो, आणि ‘के’ जमा होतो तो पिचरच्या नावावर.

या हंगामात काकांनी, कोणालाही न सांगता, धावपटू बेसवर असताना अडवलेल्या अशा प्रत्येक चेंडूसाठी पानाच्या समासात एक बारीक आडवी रेघ ओढली. आज त्यांनी ती पाने एकेक करून सर्वांसमोर उलटली. काही समासांत रेघांची दाटी इतकी होती की खालच्या ओळीतली नावे झाकली गेली होती.

बक्षिसे उरलेल्या पितळेच्या बारमधून संघाच्याच पिचरने सुटीच्या दिवशी लेथवर घडवली. बाकीच्या सगळ्या छोट्या बॅटी आहेत. कॅचरसाठी मात्र त्याने एक-चतुर्थांश मापाची पंचकोनी होम प्लेट मिलिंग करून आणली. आता नियमपुस्तकातली होम प्लेट ही तपासनिसाच्या डोक्याला तापच आहे. तिची पुढची बाजू १७ इंच, मागच्या दोन तिरप्या बाजू १२-१२ इंच आणि त्यांच्यामधला कोन काटकोन असे ठरलेले असले, तरी १२ आणि १२ चे वर्ग मिळून २८८ होतात आणि १७ चा वर्ग २८९ येतो, म्हणजे सांगितलेली आकृती काटेकोरपणे बनतच नाही.

काकांनी खिशातून व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) काढला, पितळी प्लेटच्या पाचही बाजू मोजल्या आणि कुठेतरी पाव मिलिमीटरच्या आतला फरक आहे असे जाहीर केले. पिचरने पुस्तक तसेच आहे म्हणून सांगितले. कॅचर दोघांकडे आळीपाळीने पाहत, हात पुढे करून उभा होता. काकांनी व्हर्नियर मिटवला, प्लेट उलटी केली, तिच्या मागच्या बाजूवर मार्करने एक आडवी रेघ ओढली आणि ती त्याच्या हातात दिली.