पौर्णिमेचा बान्ह मी

[दृश्य: पहाट. गल्लीच्या तोंडाशी काचेची हातगाडी, आत पिवळा दिवा.]

30 ऑगस्ट 2023. पहाटेचे साडेपाच. नकाशावर हो ची मिन्ह सिटी, इथल्या माणसांच्या तोंडी अजून साईगॉन. काचेच्या गाडीवर दोन तारांनी एक पिवळी पाटी अडकवली आहे. तिच्यावर एकच शब्द: चाय.

कानाला आपल्या 'चाय'सारखाच लागतो, पण चहाशी त्याचा काही संबंध नाही. चाय म्हणजे शाकाहारी. व्हिएतनामला निघालेल्या शाकाहारी माणसाने एकच शब्द पाठ करायचा असेल, तर हा करावा.

मला तो उशिरा कळला. आल्या दिवशी मी बान्ह मीच्या, म्हणजे भरल्या पावाच्या, एका गाडीवर 'मांस नको' एवढंच सांगितलं. बाईंनी मांस काढलं, अगदी निवडून काढलं. पण पावाला आतून कलेजीचं 'पाते', म्हणजे कलेजी वाटून केलेला लेप, आधीच फासलेलं होतं आणि वरून नुओक मामची धार पडली. नुओक माम म्हणजे खारवलेल्या माशांचं पाणी. त्यांच्या लेखी ते मासे नव्हेतच, ती चव आहे, आपल्याकडे चिमूटभर हिंग असतो तशी. पहिल्या घासाला वास आला आणि पुढे खाववेना. तो दिवस मी घरून नेलेल्या दशम्यांवर काढला. दोष त्या बाईंचा नव्हता. 'मांस नको' म्हटलं की समोरचा माणूस असलेल्या पदार्थातून काहीतरी वगळतो. 'चाय' म्हटलं की तो वेगळ्याच डब्यांची झाकणं उघडतो.

[दृश्य: जुन्या साईगॉनची छायाचित्रं.]

पाव इथला नव्हे. फ्रेंचांनी 1859 मध्ये साईगॉन घेतलं आणि त्यांच्यामागून त्यांचा लांब पाव आला. लोक त्याला 'बान्ह ताय' म्हणत, म्हणजे पश्चिमेकडचा पाव. पुढे नाव पडलं 'बान्ह मी', गव्हाचा पाव. साहेबाच्या ताटात तो लोण्याशेजारी, मांसाच्या चकत्यांशेजारी वेगळा मांडला जाई. 1954 मध्ये देशाचे दोन भाग झाले, उत्तरेकडून लाखो माणसं दक्षिणेत आली. त्यांच्यातल्या एका जोडप्याने 1958 मध्ये तिसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये 'होआ मा' नावाचं दुकान काढलं. कामावर जायच्या घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला सगळं पावातच भरून हातात द्यायचं, ही रीत तिथून रूढ झाली असं मानतात. पोर्तुगीजांच्या पावाचं मुंबईत जे झालं, तेच इथे फ्रेंचांच्या पावाचं झालं. होआ मा अजून काओ थांग रस्त्यावर चालू आहे, पण ते मांसाहारी दुकान.

आपला धागा तिथून जवळच सापडतो. त्याच 1958 साली, त्याच तिसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये 'शा लोई' हा बौद्ध विहार बांधून पूर्ण झाला. बुद्धाच्या अस्थींचा अवशेष तिथे ठेवला आहे. 'शा लोई' हा शब्द म्हणजे संस्कृत 'शरीर', चीनमार्गे इथवर पोचलेला. व्हिएतनामचा बौद्ध धर्म मुख्यतः महायान पंथाचा. त्यात भिक्षू-भिक्षुणी पूर्ण शाकाहारी असतात, कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. चाय स्वयंपाक घडला तो या विहारांच्या चुलींवर. म्हणून त्यात कुठे तडजोडीची चव लागत नाही.

[दृश्य: भिंतीवरचं व्हिएतनामी कॅलेंडर, शेजारी मराठी कॅलेंडरचं पान.]

घरोघरची सामान्य माणसं मात्र रोज चाय खात नाहीत. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी खातात. इथे मला फार आनंद झाला, कारण त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावस्येशी पालटतो. पंधरावा दिवस म्हणजे आपली पौर्णिमा, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. त्यांच्याकडेही अधिक महिना धरतात. तेव्हा बॅगेत कालनिर्णय असेल, तर साईगॉनमध्ये बान्ह मी चाय कोणत्या सकाळी गल्लोगल्ली मिळेल हे दादरला बसूनही सांगता येतं. एरवी कमळाचं चित्र असलेली चाय खाणावळ किंवा विहाराजवळचा रस्ता शोधावा लागतो.

आणि आजची पौर्णिमा त्यांच्या सातव्या महिन्याची आहे, वर्षातल्या मोठ्या पौर्णिमांपैकी एक. आपल्याकडे आज नारळी पौर्णिमा, त्यांच्याकडे 'वू लान'. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याने मेलेल्या आईला प्रेतयोनीतून सोडवलं, त्याची आठवण. विहारात छातीला गुलाब लावतात. आई असेल त्याला लाल, नसेल त्याला पांढरा. आपल्याकडे श्रावण पाळतात तसा कित्येक जण हा अख्खा महिना चाय पाळतात.

गाडीवरच्या बाईंच्या सदऱ्याला पांढरा गुलाब आहे.

[दृश्य: हातांचं जवळून चित्रण. निवेदन थांबतं, पाव कापल्याचा आवाज.]

"को ओई!" हाक मारायची ती अशी. 'को' म्हणजे आत्या. अनोळखी बाईलाही इथे नात्यानेच बोलावतात. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, ते आत्या म्हणतात, एवढाच फरक.

आत्याबाई फडक्याखालून एक पाव काढतात. वीतभर लांबीचा, उचलला तर काही उचलल्यासारखं वाटत नाही इतका हलका. निखाऱ्यांवर दोन्ही अंगांनी फिरवतात. कवच पापडासारखं पातळ, आतला भाग कापसासारखा. एका कडेने सुरी चालते तेव्हा जो कुरकुर आवाज येतो, त्यावरून पाव आजचा की कालचा ते कळतं.

आत आधी पांढरं लोणी लागतं. नेहमीच्या बान्ह मीत ते अंड्याच्या बलकाचं असतं. हे सोयाबीनच्या दुधात तेल घोटून केलेलं. मग टोफू. बारीक चिरलेला गवती चहा आणि लाल मिरची घालून तव्यावर कडा करकरीत होईपर्यंत परतलेला. आपण गवती चहाची पात उकळत्या चहात टाकतो नि फेकून देतो. इथे खालचा पांढरा दांडा चिरतात आणि चावून खातात. त्यावर 'बी चाय': तळलेल्या टोफूचे आणि रताळ्याचे दोऱ्यासारखे तुकडे, भाजलेल्या तांदळाच्या पिठात घोळवलेले. त्या पिठाचा खमंगपणा मला भाजणीच्या डब्याजवळ नेतो. मग 'चा चाय'च्या दोन चकत्या. सोयाबीनच्या दुधावर धरलेली साय गुंडाळून, वाफवून केलेली वळकटी ती.

इथपर्यंत सगळं मऊ आणि तेलकट. आता चिमट्याने येतं 'दो चुआ', गाजर आणि पांढऱ्या मुळ्याच्या काड्या, साखर-मीठ लावून सिरक्यात मुरवलेल्या. हे नसेल तर बान्ह मी नाही, असं माझं ठाम मत आहे. काकडीची लांब फाक. कोथिंबीर देठासकट, न चिरता. हिरवी मिरची. शेवटी सोया सॉसची एक रेघ. कागद, रबरबँड, झालं. मिनिटभराचं काम.

पैसे द्यायला मी निळी 20 हजार डोंगची नोट काढते. तिच्यावर होई आनचा जपानी पूल छापलेला आहे. पाचेक हजार परत येतात.

पाव हातात घेतल्यावर थांबू नये. अर्धा तास गेला की कवच मऊ पडतं आणि निम्मी मजा तिथेच संपते. कागद अर्धाच सोलायचा. पहिला घास कवचाचा, त्याचा चुरा कपड्यांवर पडतोच. दुसऱ्या घासाला आंबट मुळा, गरम टोफू आणि गार काकडी एकदम तोंडात येतात. मग मिरची. शाकाहारी म्हणून परदेशात मी किती वेळा कोरडा ब्रेड आणि बटाटे खाल्ले आहेत! इथे पदपथावरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी रांगेतल्या सगळ्यांसारखंच खात होते. माझ्यासाठी वेगळं असं कुणाला काही करावं लागलं नाही.

आत्याबाईंनी विचारलं, "चाय त्रुओंग?" म्हणजे कायमची शाकाहारी की आजच्यापुरती? जन्मापासून, असं मी खुणेने सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला पाव परत मागून घेतला, उघडला, आणि आणखी एक चकती आत सरकवली.

एक सांगून ठेवते. चाय गाडीवर कधी अंडं असतं, काही ठिकाणी कांद्याची पातही पडते. चातुर्मास पाळणाऱ्यांनी पाव भरण्याआधी बोट दाखवून विचारावं. दो चुआतले गाजर-मुळा आणि बी चायमधलं रताळं जैन मंडळींना चालणार नाही, तेही वगळायला सांगावं.

[दृश्य: नऊ वाजलेले. रिकामी टोपली.]

पाव संपले. आत्याबाईंनी फडकं झटकलं, काच पुसली आणि तारा सोडवून पिवळी पाटी उतरवली. पाटीखाली काचेवर रंगवलेली अक्षरं होती: बान्ह मी थित. थित म्हणजे मांस. उद्यापासून रोजची गाडी.

पाटी त्यांनी एका जुन्या कपड्यात गुंडाळली आणि गाडीच्या खालच्या खणात ठेवली, आणखी पंधरा दिवसांसाठी.